बाबांसाठी उतरवलेली चरबी

"रक्तगट जुळतो, वय योग्य आहे, बाकी रिपोर्ट उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "पण तुमच्या लिव्हरमध्ये चरबी आहे. असं लिव्हर आम्ही घेत नाही." फाटकी नोट परत करताना दुकानदाराचा असतो तसा त्यांचा सूर होता. मीही दुसरी नोट शोधावी तशी पर्स उघडून आत बघत बसले. काय शोधत होते कोण जाणे.

बाबांचं लिव्हर संपत आलं होतं. सहकारी बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नाही. पण साखर आणि पोटाचा घेर या दोघांनी मिळून तेच काम केलं. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत हे कुणाला पटायचं नाही. एकदा जिन्यात एका गृहस्थांनी आवाज उतरवून विचारलं, "घेत होता का हो?" बाबा म्हणाले, "हो, चहा. तुमच्याकडे कधी मिळाला नाही, म्हणून घरीच घ्यायचो." मग पायऱ्या चढताना त्यांना धाप लागली आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

आईचा रक्तगट वेगळा. भावंड मला नाही. म्हणजे बाबा जगायचे तर माझ्या लिव्हरचा तुकडा हवा, आणि तुकडा हवा तर आधी त्यातली चरबी उतरायला हवी. आषाढ संपत आला होता. डॉक्टरांनी गणपतीपर्यंतची मुदत दिली. त्यापुढे बाबांच्या तब्येतीचा भरवसा त्यांना वाटत नव्हता, आणि हे त्यांनी आईला बाहेर पाठवून मला सांगितलं.

मी हिंजवडीत नोकरी करते. पस्तिशी ओलांडली आहे, लग्न केलेलं नाही, दिवस खुर्चीत आणि कंपनीच्या बसमध्ये जातो. नाक बाबांचं, चिडणं बाबांचं, आणि आता कळलं की लिव्हरही त्यांच्याच वळणावर चाललं होतं. हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला बसवून समजावलं. पोळी नाही, भात नाही, साखर नाही, तेल-तूप नावाला. अंड्याचं पांढरं, पनीर, मोड आलेले मूग, काकडी, दुधी, प्रोटीनची पावडर. "हे कायमचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि आमच्या देखरेखीशिवाय कुणी करू नये असं आहे. शिवाय वजनं उचला. नुसतं उपाशी राहिलात तर चरबी राहील आणि अंगातलं मांस जाईल." दर आठवड्याला रक्त द्यायला यायचं ठरलं.

श्रावण लागला आणि पहिली अडचण अंड्यांची आली. आमच्या घरात श्रावणात अंडं येत नाही. आईनं बराच विचार करून तोडगा काढला: एक जुनं पातेलं आणि शेगडी बाल्कनीत, आणि अंडी बाल्कनीतच खायची, आत आणायची नाहीत. मी कपड्यांच्या दोरीखाली उभी राहून अंडी सोलायची आणि पिवळं कावळ्यांना टाकायची. बाबा खिडकीतून बघायचे. "एकुलत्या एक मुलीनं शेवटी वेगळं बिऱ्हाड थाटलंच," ते म्हणाले. आईला हसू आलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

जिम आमच्या गल्लीच्या तोंडाशी, पिठाच्या गिरणीच्या वर. खाली भाजणी दळायला पडली की वास सरळ वर यायचा. धणे, जिरं, भाजलेली बाजरी. मी खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढतेय आणि नाकात थालीपीठ! अशा वेळी जीव घेणारा कोण असतो ते मला नक्की कळलं, गिरणीवाला.

ट्रेनर विदर्भातला, यवतमाळकडचा, पंचविशीचा मुलगा. पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "लग्न आहे का जी ताई? इतक्या घाईत तर लग्नासाठीच करतात." मी म्हटलं, "हो." खरं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि उघडल्यावर पुढे काय काय सांगावं लागलं असतं. तेव्हापासून तो माझा वधूपक्ष झाला. "नवरदेव काय करते?" "बँकेत होते." "होते? आता काय करून राहिले?" "घरीच असतात." बिचाऱ्याला माझी कणव आली असणार, कारण त्या दिवशी त्यानं शेवटचा सेट माफ केला.

पहिल्या आठवड्यात भूक लागली. दुसऱ्या आठवड्यात भूक गेली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. हे लोकांना सांगता येत नाही. डोकं दुखतं, हात गार पडतात, हे सांगता येतं. पण मला काही वाटेनासं झालं होतं. बसमध्ये बसून मी मुद्दाम मनात म्हणून बघायची, बाबा मरतील. काही व्हायचं नाही. परत म्हणायची. ढिम्म. मग मनात म्हणायची, गरम पोळी, वर तूप, आणि तोंडाला पाणी सुटायचं. कसली मुलगी आहे ही, असं वाटायला हवं होतं. तेही वाटायचं नाही. खिडकीबाहेर वाकडचा ट्रॅफिक उभा असायचा आणि मी हॉटेलांच्या पाट्या वाचत जायची.

ऑफिसात मात्र कौतुकाचा पूर आला. गालफडं दिसू लागली, कुर्ते ढगळ झाले. "काय ग्लो आलाय!" म्हणे. ज्या बाईनं आठ वर्षांत माझ्याकडे स्टेपलर सोडून काही मागितलं नव्हतं, ती लिफ्टमध्ये कानाशी येऊन विचारू लागली की नक्की काय खातेस. मी म्हटलं, वारा.

बाबा रोज संध्याकाळी माझा चेहरा तपासायचे. त्यांचे स्वतःचे डोळे हळदीच्या रंगाचे, पोटात पाणी भरलेलं, हातापायांच्या काड्या. "हे बघ," ते एकदा म्हणाले, "नाही उतरली तुझी चरबी तर तोंड पाडून बसू नकोस. परीक्षेला बसलेली नाहीस तू."

"बसलेय, बाबा."

"मग मला विचारलं का कुणी, मला हा पेपर लिहून घ्यायचाय का?"

"तुम्हाला विचारून कधी काही झालंय या घरात?"

ते हसले. हसताना पोट दुखलं म्हणून पोटावर हात धरून हसले. मी तिथेच उभी होते, आणि मला वाटलं, आता जवळ बसावं. पण पायांत ताकद नव्हती, बसले तर उठायला त्रास, म्हणून मी आत जाऊन दुधी किसत बसले.

श्रावणातल्या पौर्णिमेच्या आसपास आईनं सत्यनारायण घातला. बाबांना बरं वाटावं म्हणून तिनं बोललेला होता. सव्वाच्या मापाचा शिरा: रवा, साखर, तूप सारखं, वर केळं, बेदाणे, वेलची. गुरुजी गेल्यावर आईनं मूद भरून द्रोण माझ्यापुढे केला.

"आई, मी नाही खाणार."

"प्रसाद आहे."

"साखर आणि तूप आहे."

"प्रसादाला काही होत नाही गं! एवढासा घास. पोथी ऐकलीस ना आत्ता? प्रसाद टाकला की काय होतं तेही ऐकलंस."

"ऐकलं. डॉक्टरांचंही ऐकलंय."

बाबा आरामखुर्चीतून म्हणाले, "अगं, देव काय तिचं लिव्हर तपासायला बसलाय का? आण इकडे, तिच्या वाटचा मी खातो." आणि आईनं अडवायच्या आत त्यांनी द्रोण घेऊन दोन बोटं शिरा तोंडात टाकला. त्यांना साखर वर्ज्य. आई पाहत राहिली. मला वाटलं ती आता ओरडणार. तिनं नुसता द्रोण काढून घेतला आणि देवापुढे ठेवला.

चार-पाच दिवसांनी बाबा बरळायला लागले. मला आत्याच्या नावानं हाक मारली, आईला म्हणाले बँकेची किल्ली दे. रक्तात विष साठलं की असं होतं, डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. हॉस्पिटलात दोन दिवस ठेवून औषधं देऊन घरी पाठवलं. त्याचा आणि दोन बोटं शिऱ्याचा संबंध नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. पण आईनं तो संबंध जोडला तो जोडलाच. "तू टाकलास," ती म्हणाली, "आणि त्यांनी तुझ्यासाठी त्याचा दोष स्वतःवर घेतला." माझ्याकडे न बघता तिनं कुकरची शिटी लावली.

राग यायला सुद्धा पोटात काही लागतं.

त्याच्या पुढच्या आठवड्यात माझ्या मुगाच्या वाटीत बेदाणा सापडला. मोड आलेले मूग, मीठ, लिंबू, आणि त्यात फुगलेला एक बेदाणा. मी तो चमच्यावर घेऊन बराच वेळ पाहिला. मग फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेमागे, लोणच्याच्या छोट्या बरणीत शिरा. सत्यनारायणाचा. आई रोज त्यातली चिमूट माझ्या वाटीत, ताकात, कुठे ना कुठे मिसळत होती. देवाचं देवाला पोचावं, मुलीला कळू नये.

तेव्हा मात्र मी कडाडले. काय काय बोलले! बाबांना मारायचंय का तुला, म्हणाले. तुझ्या देवानं दिलं का लिव्हर, म्हणाले. एवढ्याशा चिमटीनं लिव्हरला काही होत नाही हे मलाही ठाऊक होतं. तरी मी बरणी मोरीत उपडी केली आणि वर नळ सोडला. आई दारात उभी होती. "चिमूटभरच होता गं," ती म्हणाली. "तेवढ्यानं तुझं काही गेलं नसतं. माझं मात्र सगळं जातंय."

आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं, काय पडलं? आम्ही दोघी एकदम म्हणालो, काही नाही.

त्या संध्याकाळी जिममध्ये मला घेरी आली. बार खाली ठेवला आणि मी त्याच्या शेजारीच बसले. ट्रेनर पाण्याची बाटली घेऊन धावला. "काऊन ताई, जेवून नाही राहिल्या का? असं करसान तर मांडवात पडसान!" तेव्हा मी त्याला सांगितलं. लग्न नाही, वडिलांना लिव्हर द्यायचंय. "बाप्पा!" तो म्हणाला, आणि माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला. मग म्हणाला, "माझे बाबा मले फोन करते तं मी उचलत नाही." आम्ही दोघं तसेच बसून राहिलो आणि खाली गिरणी चालू होती.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. स्कॅनच्या यंत्रात मी डोळे मिटून पडले होते आणि मनात काहीही नव्हतं, प्रार्थनासुद्धा नव्हती. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "उतरली," ते म्हणाले. "चांगली उतरली. देता येईल." आई हात जोडून रडायला लागली. रिक्षात बसल्यावर तिनं डोळे पुसले आणि पुढे बघत म्हणाली, "प्रसादानंच उतरली हो." मी हसले. खरंच हसले, कितीतरी दिवसांनी. रिक्षावाल्यानं आरशात वर पाहिलं.

तारीख ठरली, विसर्जनानंतरची. डॉक्टरांनी बजावलं की तोवर खाण्यात फरक करायचा नाही, लिव्हर असंच ठेवायचं. लिव्हर असंच ठेवायचं! जणू दुसऱ्याची वस्तू घरात आणून ठेवली होती. मी तसंच ठेवलं. घरोघरी मोदक झाले, आमच्याकडेही आईनं नैवेद्यापुरते केले, आणि मला दिले नाहीत. बरणीनंतर ती विषय काढत नव्हती.

गौरी उठल्या त्याच दिवशी बाबांना ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. आयसीयू. डॉक्टर म्हणाले, संसर्ग आटोक्यात आला की लगेच घेऊ, त्याआधी पोट उघडता येत नाही. तुम्ही तयारीत राहा. मी तयारीत राहिले. ऑफिसला रजा टाकली. डब्यात उकडलेली अंडी आणि काकडी घेऊन आयसीयूच्या बाहेर स्टीलच्या खुर्चीवर बसले. भेटायच्या वेळी आत जायची. बाबा कधी डोळे उघडायचे, कधी नाही. एकदा उघडले आणि माझं मनगट दोन बोटांत धरून बघितलं. "किती वाळलीस," म्हणाले. आवाज फार बारीक होता. "बाबा, संसर्ग कमी होतोय," मी म्हटलं. ते खोटं होतं. त्यांनी मनगट सोडलं नाही, आणि मी तिथे उभी राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते, कारण अंडी खायची वेळ झाली होती.

ते सकाळी गेले. डॉक्टर बाहेर आले, आईला खुर्चीत बसवून त्यांनी सांगितलं. आई ओरडली नाही. तिनं डोकं भिंतीला टेकलं. नर्स म्हणाली, कागदपत्रं व्हायला वेळ लागेल, नातेवाइकांना कळवा. मी मामाला फोन केला. आवाज माझाच होता, व्यवस्थित, ऑफिसातल्यासारखा. मामा म्हणाला, निघतोच. मग मी आईला म्हटलं, पाणी आणते. आणि जिना उतरून खाली गेले.

कँटीनमध्ये पुरीभाजी चालू होती. मी कूपन घेतलं. मी काय करतेय हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही; चांगलं माहीत होतं. आमच्याकडे माणूस गेला की त्याला पोचवून येईपर्यंत घरात चूल पेटत नाही, कुणी घास घेत नाही. वर बाबा अजून त्याच खाटेवर होते. ताटली आली. पुरी टम्म फुगलेली होती, बोट लावल्यावर वाफ आली. बटाट्याच्या भाजीत हळद, मोहरी, कढीपत्ता. मी पहिला घास घेतला.

देवा, काय चव होती! इतके दिवस लाकूड झालेली जीभ जागी झाली. मी भराभर खाल्लं. संपली तेव्हा दुसरी घेतली. दुसऱ्या ताटलीतली एक पुरी राहिली असताना माझ्या घशातून आवाज आला, आणि मग मला थांबताच आलं नाही. तोंडात घास, आणि मी रडतेय. मला बाबा हवे होते. माझ्याजवळ चांगलं, स्वच्छ, त्यांच्यासाठी घासूनपुसून ठेवलेलं लिव्हर होतं, ते आता कुणाला नको होतं, आणि पुरी चविष्ट लागत होती. याचा मला इतका संताप आला की मी टेबलावर हात आपटला. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं नजर वळवली. अशा ठिकाणी लोकांना सवय असते.

वर बघितलं तर आई समोर उभी होती. तिचे डोळे कोरडे होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, दोन्ही ताटल्यांकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. जन्मभर पुरेल असं काहीतरी बोलेल, आणि तिनं बोलावं असंही वाटलं.

ती वाकली. पदराच्या टोकानं तिनं माझं तोंड पुसलं, ओठांच्या कडेला जरा घासूनच, लहानपणी पुसायची तसं. मग दोन्ही ताटल्या उचलून मागच्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

"मामा आलाय," ती म्हणाली. "कुणी विचारलं तर चहा घेतला म्हणून सांग."